मीठ मसाल्यातच

तपकिरी दाणे कढईत तडतडू लागले तसे तिने ते उलथन्याने मधोमध ओढले आणि नाक जवळ नेले. मिरीएवढेच दाणे, पण वास लवंग, दालचिनी आणि जायफळ या तिन्हींचा एकदम.

"सेकंड, आच कमी कर."

"कमीच आहे, बाबा."

"कमी असती तर इथवर वास आला नसता. करपल्यावर म्हणशील, चीफने सांगितलं नाही."

"चीफला गेल्या रविवारी पलंगावरूनच वास आला होता. तेव्हा शेगडी पेटवलीही नव्हती मी."

"त्याला अनुभव म्हणतात," वडील म्हणाले.

ते टेबलाशी बसले होते. दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर, पावलांखाली उशी. मोजे काढून तास झाला होता, तरी मोज्यांच्या कडांचा वळ घोट्यांवर तसाच होता. बाहेरच्या खोलीत आईचे शिलाई मशीन चालू होते. शाळा उघडायला पंधरा दिवस उरले होते आणि गणवेशांचा ढीग खुर्चीच्या पाठीपर्यंत आला होता.

"बोट बंदराला लागून वीस वर्षं झाली हो," मशीन न थांबवता आई म्हणाली. "आता तरी तिच्यावर ओरडणं थांबवा."

"सेकंडवर ओरडलं नाही तर ती चीफ होऊन बसते," वडील म्हणाले.

एकतीस वर्षे ते मालवाहू जहाजांवर आचारी होते. तिथे त्यांना चीफ म्हणत आणि त्यांच्या हाताखालच्या माणसाला सेकंड. सुट्टीवर घरी आले की तो हुद्दा मुलीला मिळे. ती कांदा सोलण्याएवढी झाली तेव्हापासून, आता चाळिशी ओलांडली तरी, तो तिच्याकडेच होता.

मसालाही जहाजावरूनच घरात आला होता. एकदा इंजिन बिघडून त्यांची बोट एका उष्ण बेटावर अकरा आठवडे अडकली. बंदराच्या फाटकाबाहेर एक बाई कोळशावर कोंबडी भाजून विकायची. तिच्याकडून वडिलांनी तो शिकून घेतला. ते तपकिरी दाणे, वाळलेल्या पिवळ्या मिरच्या, सुंठ, लसणाची पूड, जायफळ, ओव्याची आठवण करून देणारी बारीक सुकी पाने, उन्हात कडक झालेली लिंबाची साल आणि मूठभर काळसर साखर. घरात त्याला मसाला म्हणत नसत, बेट म्हणत. बटाट्यात बेट घातलं का? अंड्यावर जरा बेट भुरभुरव. कोबी, भोपळा, राजमा, मासे, नुसता भात, रोजचे जे काही असेल त्यावर बेट पडे. लहानपणी इतरांच्या घरी जेवताना तिला वाटायचे, यांच्या जेवणात काहीतरी घालायचे राहून गेले आहे.

बेटात मीठही असे. तो वडिलांचा नियम होता: मीठ मसाल्यातच. पातेल्यात वेगळे पडता कामा नये. त्यामुळे या घरात शेगडीजवळ मिठाची बरणी कधी नव्हतीच. आणि म्हणून, आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितले तेव्हा ते सोपे वाटले होते. बेट मिठाशिवाय करायचे, झाले. मसाला करायचे काम तिचे, रोजचा स्वयंपाक आईचा.

तिने दाणे ताटात काढले, मिरच्या कढईत टाकल्या. ठसका उठला. वडील खोकू लागले आणि एका हाताने टेबल धरून उठले.

"जातो बाबा बाहेर. तू काय आम्हाला ठेवत नाहीस."

"दार ओढून घ्या."

त्यांनी दार ओढून घेतले. तिने सगळे मिक्सरमध्ये दळले, चाळले, बरणीत भरले. मग फडताळाच्या मागच्या बाजूने कागदाची पुडी काढली आणि त्यातले तीन मोठे चमचे मीठ बरणीत घातले. कोरड्या चमच्याने तळापासून ढवळले, झाकण लावले, पुडी परत ठेवली. हे सगळे एका मिनिटात झाले. आता तिला चमच्याकडे बघावेही लागत नसे.

पहिले पाच आठवडे तिने मीठ घातले नव्हते. त्या पाच आठवड्यांत वडील ताट पुढ्यात घेऊन बसून राहत. भाताचा एक घास, मग बोटांनी भोपळ्याची फोड इकडून तिकडे, मग खिडकी. गोळ्या जेवणानंतरच्या होत्या आणि त्या तिलाच द्याव्या लागत, कारण आईच्या हातून ते घेत नसत, वाद घालत. ती पर्स खांद्याला लावून टेबलाशी उभी राही. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत ती काम करत होती आणि तिसऱ्यांदा उशीर झाल्यावर मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावले होते. त्या रविवारी तिने एक चमचा घातला. पुढच्या रविवारी दोन. तिसऱ्यावर ती थांबली. पूर्वी सहा असत, त्याच्या निम्मेच, असे तिने स्वतःला सांगितले. वडील पुन्हा दहा मिनिटांत जेवू लागले.

आई रोज सकाळी त्यांचे वजन करून कॅलेंडरवर लिही. ते चढत होते. दर भेटीत डॉक्टर लघवीची गोळी वाढवत आणि घरी येताना आई तेच विचारी, "मीठ तर बंद आहे. मग हे पाणी येतं कुठून?" ती आईचा दंड धरून रस्ता ओलांडे.

त्या रविवारी दुपारी भात, राजमा आणि भोपळा होता. आईने नव्या बरणीतले बेट घातले होते. वडिलांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावला.

"चव लागते का?" तिने विचारले.

"तुझी ही कवळी टाळूवर झाकण घालते. चव आत जायची कुठून? सख्ख्या मुलीने बापाच्या तोंडाला कुलूप लावलं."

"मग काढून जेवा."

"आणि चावू कशाने? तुझ्या आईच्या कात्रीने?"

"माझ्या कात्रीला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "कापडाची आहे ती."

वडील हसले. हसताना त्यांना दम लागला आणि तो ओसरेपर्यंत तिघेही थांबले. मग त्यांनी भोपळ्याची दुसरी फोड उचलली.

"आज जमलंय," ते म्हणाले.

आईने आपल्या ताटात पाहिले. तिनेही आपल्या.

*

सोमवारी सकाळी ती एका वरच्या कवळीला पॉलिश करत होती तेव्हा फोन आला. आई म्हणाली, "हे मोजा घालता घालता बसून राहिलेत. मी हाक मारते तर बघत नाहीत."

ती दवाखान्यात पोचली तेव्हा सगळे संपले होते. एका पायात मोजा होता, दुसरा आईच्या मुठीत. तरुण डॉक्टरीण बाई कागद भरत उभ्या होत्या. त्यांनी गोळ्यांची नावे विचारली, वेळा विचारल्या. मग म्हणाल्या, "मिठाचं पथ्य चालू होतं ना?"

"एक कण नाही," आई म्हणाली. "मिठाची बरणीच नाही हो आमच्या घरात. कुणालाही विचारा. हिला विचारा."

डॉक्टरीण बाईंनी तिच्याकडे पाहिले. तिच्या हातात परिचारिकेने दिलेली प्लास्टिकची डबी होती. डबीत वडिलांची कवळी होती. मागच्या दाढांचा उतार तिने स्वतः तीनदा घासून त्यांच्या चावण्याला जुळवला होता.

"हो," ती म्हणाली.

"तुमच्या हातात होतं ते तुम्ही केलंत. हृदयच थकलेलं होतं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

*

दुसऱ्या आठवड्यात तिने बरणी रिकामी केली. मसाला कचऱ्याच्या पिशवीत ओतला, पिशवीला गाठ मारली, ती दुसऱ्या पिशवीत घातली आणि खाली नेऊन टाकली. मिठाची पुडीही त्यातच गेली.

"बेट संपलं?" आईने विचारले. "त्या रविवारीच तर भरलं होतंस."

"मुंग्या झाल्या होत्या. साखर असते ना त्यात."

"टाकायचं कशाला? उन्हात ठेवायचं."

त्या रविवारी तिने नवे बेट केले. मागून कोणी आच कमी करायला सांगितले नाही. मिरच्यांचा ठसका उठला तेव्हा दार उघडेच राहिले. तिने मीठ घातले नाही आणि बरणी जागेवर ठेवून दिली. आईने तिला हातही लावला नाही. ती दोन्ही वेळा पाव दुधात बुडवून खाई आणि मशीनवर बसे. गणवेश संपले होते. मग तिने घरातल्या चादरी उसवून पुन्हा शिवायला घेतल्या.

इंजिनवाले काका आले ते महिना उलटल्यावर. वडिलांबरोबर सतरा वर्षे एकाच बोटीवर होते. उंच, बहिरट, सगळे ओरडून बोलणारे. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी रुमाल काढला, पण डोळ्यांना न लावता गुडघ्यावर पसरला.

"वहिनी, मला वाटायचं मी आधी जाणार. आमची पैज होती. बेट्याने जिंकली."

"चहा घेता ना?" आईने विचारले.

"घेतो. साखर दोन. आता कोण विचारतंय." मग तिच्याकडे वळून, "काय गं सेकंड, मसाला येतो ना बापासारखा?"

"येतो."

"मीठ मसाल्यातच घालतेस ना? का घालायचं ते सांगितलं होतं का त्याने कधी?"

तिने मान हलवली. नव्हते सांगितले.

"लाजायचा!" काका खूश झाले. "अगं, चीफ होऊन चारच दिवस झालेले त्याला. समुद्र असा खवळलेला, पातेली साखळीने बांधून ठेवावी लागत. याने सूप केलं, मीठ घातलं, आणि गेला वर. सेकंड आला, त्याला वाटलं चीफ नवा आहे, विसरला असेल, बिचाऱ्याची पहिल्याच आठवड्यात फजिती नको. त्यानेही घातलं. गुपचूप. हा परत आला. सेकंडचं याला माहीत नाही, याचं सेकंडला माहीत नाही. अठ्ठावीस माणसं, वहिनी, अठ्ठावीस माणसं दिवसभर नळाशी! कप्तानाने दोघांना उभं केलं आणि वाडगाभर सूप प्यायला लावलं. तेव्हापासून तुमच्या नवऱ्याने शपथ घेतली, मीठ मसाल्यातच. एकच हात."

आई हसत होती. महिनाभरात पहिल्यांदा. हसता हसता तिचा हात बशीवर थांबला.

"दोघांनी?" तिने विचारले.

"काय म्हणता?"

"दोघांनी घातलं?" आई मोठ्याने म्हणाली.

"दोघांनी! एकमेकांच्या भल्यासाठी!" काका म्हणाले, आणि आता मात्र त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला.

ते गेल्यावर आईने कप विसळले, पालथे घातले, ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मुलगी दारात उभी होती.

"तुला एक सांगायचंय," आई ओट्याकडे बघत म्हणाली. "रागावू नकोस. रागाव, पण आधी ऐक."

"काय झालं?"

"मी घालत होते."

"काय?"

"मीठ. पातेल्यात. मशीनच्या खणात पुडी ठेवली होती, बटणांच्या डब्यामागे. तू मसाला बिनमिठाचा करायचीस, एवढी नियमाने, आणि मी मागून चिमूट टाकायचे. एकेका पातेल्यात एक चिमूट. ताट सरकवायचे गं ते. लहान मुलासारखे बसायचे. मला बघवायचं नाही." ती थांबली. "दवाखान्यात मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. आणि तुला साक्षीला घेतलं."

तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले. कढई, पुडी, तीन चमचे, सगळे जिभेपर्यंत आले होते. भोपळ्याची ती चव आपल्या मिठाची, असे तिला आठ महिने वाटत आले होते. आईलाही तसेच वाटत आले होते.

"एका चिमटीने काही होत नाही, आई," ती म्हणाली.

*

त्यानंतर आईने पावही कमी केला. दुधाचा कप अर्धा राही. बाहेर जायचे नाव काढत नसे, आणि एका सकाळी स्वतःच चप्पल घालून दारात उभी राहिली. डॉक्टरांकडे जायचे होते.

नेहमीच्या डॉक्टरांनी तिचे सगळे ऐकून घेतले. आई सांगत असताना ती भिंतीवरचे हृदयाचे चित्र बघत होती. त्यातल्या रक्तवाहिन्या एका बाजूला निळ्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला लाल.

"आजी, पातेल्यात एक चिमूट, तेही तिघांत," डॉक्टर म्हणाले. "एवढं आम्ही धरूनच चालतो. त्याने वजन असं चढत नाही. मनातून काढून टाका."

"मग कशाने चढलं?"

"आजार होता."

"तुम्हीच म्हणायचात, इतकं पाणी साठतंय म्हणजे कुठूनतरी मीठ जातंय."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले, मुलीने आईला आता घेऊन जावे म्हणून. ती उठली.

वाटेत आई भाजीच्या दुकानाशी थांबली आणि भोपळ्याची एक फाक घेतली. किराण्याच्या दुकानातून मिठाची पुडी. तिला बरे वाटले. आई आज काही शिजवणार होती.

घरी येऊन आईने साडीला हात पुसले, भोपळ्याच्या फोडी केल्या, नेहमीचे पातेले घेतले. तेल, कांदा, भोपळा. बरणीतले बेट, नेहमीच्याच मोठ्या चमच्याने दोन. मग पुडी फोडली आणि तीन बोटांची चिमूट टाकली. झाकण ठेवले. वाफ आल्यावर एक फोड वाटीत घेऊन फुंकली आणि तोंडात घातली.

ती दारातून बघत होती.

"हे तसं लागत नाही," आई म्हणाली.

"भोपळा पाणचट असेल."

"भोपळा गोड आहे. मीठ लागत नाही." आईने दुसरी चिमूट घातली. ढवळले, थांबली, चाखले. "नाही."

"आई, राहू दे ना."

"थांब गं."

तिसरी चिमूट. आईचा चेहरा शिवताना सुईत दोरा ओवत असे तेव्हासारखा झाला होता, एक डोळा बारीक. चौथी. प्रत्येक वेळी ती पाण्याचा घोट घेऊन तोंड स्वच्छ करी, मगच चाखी. पाचवीला तिने मान एका बाजूला केली. सहावी घातल्यावर मात्र पुष्कळ वेळ ढवळत राहिली. बाहेर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेले. वाफेने खिडकीची काच धुरकट झाली होती.

आईने फोड तोंडात घातली आणि चावायची थांबली.

"हीच," ती म्हणाली. "'आज जमलंय' म्हणाले होते ती ही चव."

तिने वाटी खाली ठेवली.

"सहा. म्हणजे सहा सहा घालत होते मी. मला वाटायचं एक. हातालाच कळत नव्हतं माझ्या, आणि डॉक्टरांना मी एक सांगून आले." आईने आपली तीन बोटे वर धरून पाहिली. त्यांवर मिठाचे कण चिकटले होते. "चाळीस वर्षं कधी मीठ टाकलं नाही ना मी पातेल्यात. हाताला माप कुठलं असायला? माझ्या आईने घातलेली सवय या घरात येऊन मोडली, आणि मग हे आजारी पडले तेव्हा... रोज दोन्ही वेळा. हे 'जमलंय' म्हणायचे आणि मी आपली सुखावायचे."

"तू एकच घालत होतीस."

"मग चव कुठून आली? चाखून बघ तू. ये, चाख."

"मला चाखायचं नाही."

"माझ्यावर दया दाखवू नकोस. डॉक्टरांनी दाखवली तेवढी पुरे." आई ओट्याला टेकली. तिचे खांदे ब्लाऊजमध्ये सैल झाले होते. बाहीची शिवण दंडावरून खाली उतरली होती. एवढ्या वर्षांत आईच्या अंगावर न बसणारे कापड तिने कधी पाहिले नव्हते. "मी त्यांना काय खायला घालत होते ते मला कळलं तरी पाहिजे. नाहीतर मी जगायचं कशाच्या आधारावर?"

शेगडी चालूच होती. भोपळा तळाला लागू लागल्याचा वास आला. ती पुढे झाली आणि शेगडी बंद केली.

"मसाल्यात मीठ होतं," ती म्हणाली.

आईला आधी ऐकू आले नाही असे वाटले. ती बोटे पुसत होती.

"मी घालत होते, आई. तीन मोठे चमचे, दर रविवारी. पाच आठवडे नाही घातलं, मग घालायला लागले. तू एकच चिमूट टाकत होतीस. डॉक्टर म्हणाले ते खरं आहे. बाकीचं माझं."

आईने पदर हातात तसाच धरून ठेवला. तिने बरणीकडे पाहिले.

"ही बिनमिठाची आहे. बाबा गेल्यावर केलेली. ती मी टाकून दिली. मुंग्या नव्हत्या झाल्या."

"तीन चमचे," आई म्हणाली.

"हो."

"दवाखान्यात तू बोलली नाहीस."

"नाही."

"आणि मी त्या दिवशी सांगितलं तेव्हाही नाही."

"नाही."

आई हळूहळू टेबलाशी जाऊन वडिलांच्या खुर्चीवर बसली. स्टूल अजून समोरच होते. कितीतरी वेळ ती स्टुलाकडे बघत राहिली. मग तिने हात पुढे केला, तळवा वर करून. मुलगी जवळ गेली नाही, तेव्हा आईने स्वतःच वाकून तिचे मनगट धरले. आईचा हात गरम होता आणि खरखरीत, मिठामुळे.

"दोघी वेड्या आपण," आई म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "एकमेकींपासून चोरून. तुलाही बघवलं नाही ना गं? ते ताट पुढ्यात घेऊन बसायचे, तुझ्याच्याने ते बघवलं नाही. मला माहितीये. तुझा जीव होता त्यांच्यावर. मायेपोटी केलंस तू, मीही मायेपोटीच केलं. देवाला कळत असेल ते."

आई तिच्याकडे वर बघत होती. गेल्या सहा आठवड्यांत तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखे काहीतरी होते, फार थोडे, पण होते. मुलगी नुसती 'हो' म्हणाली असती तरी चालले असते. मान हलवली असती तरी. आईने मग दोन ताटे घेतली असती, करपलेला भाग सोडून वरचा भोपळा वाढला असता, आणि दोघी जेवल्या असत्या.

तिने आईच्या हातातून मनगट सोडवून घेतले.

"मायेपोटी नाही, आई," ती म्हणाली. "मला त्यांची दया नाही आली कधी. ते असे बसून राहायचे ना, तेव्हा मला ते नकोसे व्हायचे."